काचेवरची मंडळी

मीरा-भाईंदरमध्ये गाडीच्या काचेवर किडा मरणं ही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी गाडीला वेग असावा लागतो. गाडी हळू असली की काचेवरून वर सरकणारी हवाच हलक्या किड्याला उचलते आणि टपावरून पलीकडे सोडून देते. गोल्डन नेस्टच्या चौकात किंवा काशिमिऱ्याच्या सिग्नलला तर हवेलाही तसदी पडत नाही. किडा चालत निघाला तरी आपल्या आधी पोचतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसर नाक्यावर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. टोल गेला, नाका राहिला. तिथल्या रांगेत डास एका खिडकीतून आत येतो, सगळ्यांना भेटतो, दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडून पुढच्या गाडीत जातो. मरत कुणीच नाही.

त्यामुळे किड्यांचा सडा पडलेली काच घेऊन एखादी गाडी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये दिसली, की येणारे-जाणारे थबकतात. याचा अर्थ ही गाडी शहराबाहेर गेली होती. नुसती गेली नव्हती, वरच्या गिअरमध्ये गेली होती. धुळीचं काय, ती मेट्रोच्या खांबाखाली उभ्या केलेल्या गाडीवरही बसते. किडे कमवावे लागतात.

आमची कमाई डहाणूची. सासुरवाडीहून परत निघालो होतो. जूनचा पहिला पाऊस संध्याकाळी येऊन गेलेला, हवेत वाफ, डिकीत घोलवडचे चिकू, मागे बायको आणि शेजारच्या सीटवर मेहुणा. मेहुण्याला मुंबईत काम होतं. काम काय ते त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि तो अजून गेलेलाही नाही. चारोटी नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि मेंढवणच्या खिंडीच्या अलीकडे काचेवर टपटप सुरू झाली.

“दाजी, पाऊस.”

“पाऊस नाही, किडे आहेत.”

“मग आवाज पावसाचा कसा येतो?”

पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, हे शाळेत शिकलो होतो. नवा संसार थाटायला निघालेली नर-मादी वारुळातून हजारोंनी बाहेर पडतात आणि दिसेल त्या उजेडाकडे धाव घेतात. आमचा हेडलाइट त्यांना दिसला. म्हणजे एका अर्थाने अख्खं वऱ्हाड आमच्या अंगावर आलं. त्यात मनोरकडून आलेले पतंग, एक-दोन नाकतोडे आणि हवेत आधीपासून हिंडणारी चिलटं. मी गाडी हळू करावी म्हणून पाय हलवतो तोच मेहुण्याने हात लांब करून वायपरचा दांडा खाली ओढला.

पाण्याच्या टाकीत पाणी होतं. पण फवारा मारणाऱ्या नळीचं तोंड कुणीतरी कधीतरी असं वाकवलेलं होतं, की पाणी काचेला ओलांडून टपावरून मागे गेलं. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. काचेवर मात्र कोरडा वायपर फिरला आणि पाच मिनिटांपूर्वी जे ठिपके होते त्यांचे दोन मोठे अर्धगोल झाले. समोरून ट्रक आला की त्या अर्धगोलांत सगळा उजेड भरायचा आणि रस्ता नाहीसा व्हायचा.

“आता अजून एकदा मारू का?” मेहुणा.

“नको.”

“एकदाच.”

मागून बायको म्हणाली, “त्याला ओरडू नका हो, तो मदत करतोय.”

वायपरचा शोध मेरी अँडरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी लावला, १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या ट्रॅममध्ये बसल्या असताना बर्फामुळे चालकाला पुढचं दिसेना, ते बघून त्यांना ही कल्पना सुचली. आत बसून दांडा ओढायचा, बाहेर रबराची पट्टी फिरायची. पुढे एका कॅनडातल्या कंपनीने हे यंत्र विकलं जाण्यासारखं नाही म्हणून परत पाठवलं. लोक त्या कंपनीला हसतात. मला वाटतं, कंपनीत डहाणूकडचा कुणीतरी असावा. बर्फ आणि पाऊस ठीक आहे. पण वाळवीवर वायपर चालवणं म्हणजे पुरावा नष्ट करायच्या नादात तो सगळीकडे पसरवणं.

वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. तिथे बादलीत रबरी पट्टीची दांडी ठेवलेली होती. ती दांडी त्या बादलीतून दिवसभरात किती काचांवर फिरली असेल याचा विचार मी करायला हवा होता, पण पंपावरचा मुलगा फार प्रेमाने पुढे आला. त्याने अर्ध्या मिनिटात काच वरून खाली ओढून काढली. नंतर दिव्याखाली बघतो तर आमचे किडे होतेच, शिवाय आधीच्या ट्रकचेही आले होते. महाराष्ट्र पासिंगच्या काचेवर गुजरात पासिंगचे किडे. त्यांचं रूप वेगळं होतं, जरा खाऊन-पिऊन सुखी वाटत होते.

वरसावे पूल ओलांडला, फाउंटनच्या चौकात नेहमीसारखे अडकलो, आणि अडकल्यामुळेच घरी सुखरूप पोचलो.

सकाळी उतरलो तेव्हा गाडीभोवती माणसं होती. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर बंद पडली तर कुणी खाली येत नाही; पण दुसऱ्याची गाडी घाण झाली की समिती आपोआप बसते. सेक्रेटरींनी आधी नियम सांगितला: पाइपने गाडी धुवायची नाही, टँकरचं पाणी आहे, फार तर अर्धी बादली. मीरा-भाईंदरचा माणूस पाण्याबद्दल वाद घालत नाही. सूर्या धरणाचं पाणी येणार, येणार हे ऐकत आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांची लग्नं झाली. मी अर्धी बादली कबूल केली.

तळमजल्यावरचे काका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी मागे हात बांधून काचेला एक फेरी मारली आणि ज्योतिषाने कुंडली बघावी तसे डाग वाचायला लागले.

“हा पिवळट, पसरट आहे ना, तो पतंग. मनोरच्या आसपास. हिरवा लागलाय तो नाकतोडा. आणि ही पंखांची रास, ही वाळवी. तुम्ही अंधार पडल्यावर निघालात.”

“आणि हा लाल?”

“डास. मादी. पण रक्त तिचं नव्हे.” त्यांनी जरा वेळ घेतला. “डहाणूहून निघालात ना? मग सासऱ्यांचं असेल.”

काकांना मी हसलो, पण हसण्यासारखं काही नव्हतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्क होस्टेटलर यांनी नेमकं हेच केलं: बस डेपोत जाऊन गाड्यांवरचे किडे तपासले आणि कोणता डाग कोणत्या किड्याचा, यावर ‘दॅट गंक ऑन युवर कार’ नावाचं रीतसर पुस्तक लिहिलं. त्यांना १९९७ चं इग नोबेल मिळालं, कीटकशास्त्राचं. आमचे काका आयुष्यभर डेपोत होते, पण त्यांना निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळाली. किड्याच्या अंगातलं पाणी लाल नसतं, फिकट पिवळं नाहीतर हिरवट असतं, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. लाल दिसलं तर ते डासाने प्यायलेलं, नाहीतर माशीच्या डोळ्यांतला रंग.

निदानानंतर उपचार. काकांनी खिशातून पुडी काढली. “तंबाखू. पावसात वायपर बंद पडला की आम्ही काचेवर तंबाखू चोळायचो. पाणी ठरत नाही.”

“काका, पण मला पाणी घालवायचं नाही, किडे घालवायचेत.”

“चोळून तर बघा.”

चोळली. किडे जागेवर राहिले. तंबाखूही जागेवर राहिली. बायको खाली आली, तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता वर गेली. ते न बोलणं मला दुपारी जेवताना ऐकावं लागलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या. दातांवरचं निघतं तर काचेवरचं का नाही, असा त्यांचा बिनतोड मुद्दा. पेस्ट चोळली, पुसली, आणि वायपरच्या रबराखालच्या खोबणीत ती अशी जाऊन बसली, की पुढे कित्येक दिवस पाऊस आला की काचेवरून पुदिन्याचा फेस वाहायचा. बी विंगमधल्या कॉलेजच्या मुलाने मोबाइल काढला. त्याच्याकडे एका परदेशी माणसाची चित्रफीत होती. तो काळं शीतपेय काचेवर ओततो आणि काच आरशासारखी होते. आम्ही ओतलं. अर्ध्या तासाने मुंग्या आल्या. आधी एक आली, तिने पाहणी केली, मग ओळ आली. मेलेले किडे खायला जिवंत किडे. मला क्षणभर आशा वाटली की या सगळं उचलून नेतील, पण मुंग्यांनाही साखरच हवी होती. वाळवी त्यांनी बाजूला सारली.

मग वज्री आली. कुणाच्या बाथरूममधून आली ते कळलं नाही. पाठोपाठ तारेची घासणी आली. इथे मात्र मी काचेपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

“दाजी, दोन मिनिटांचं काम आहे,” मेहुणा घासणी हातात घेऊन म्हणाला.

“काचेवर ओरखडे पडतील.”

“पण किडे जातील की नाही?”

तेवढ्यात देरासरातून परतणारे वरच्या मजल्यावरचे मोटाभाई थांबले. भाईंदरमध्ये जैन मंडळींची वस्ती मोठी, आणि पावसाळ्यात तर त्यांचा जीवजंतूंबद्दलचा विचार अधिकच बारीक होतो. त्यांनी काच बघितली आणि हात जोडले. माझ्याकडे बघून नव्हे, काचेकडे बघून.

“अरे अरे, केटला जीव गया!”

त्यांनी मोजायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यातून मोजत मोजत ते अर्ध्या काचेपर्यंत आले, तिथे मेहुण्याचा वायपर फिरला होता, म्हणून हिशेब अडला. “यामध्ये किती धरायचे?” त्यांनी विचारलं. आता हा प्रश्न गमतीचा नाही. इंग्लंडमध्ये २००४ साली पक्षिमित्रांच्या संस्थेने हजारो गाडीवाल्यांना नंबरप्लेटवर चिकटपट्टी लावून असेच किडे मोजायला सांगितले होते. सरासरी पाच मैलांमागे एक निघाला. पाच मैलांत एक! हे मी मोटाभाईंना सांगितलं तर त्यांना वाटलं मी बढाई मारतोय.

“आणि तुमचे?”

“पाच मैलांत...” मी काचेकडे बघितलं. “इंग्लंडचे सगळे.”

मोटाभाईंनी उपाय सांगितला तो एकमेव उपाय ज्याने काच खरोखर स्वच्छ राहिली असती: सूर्यास्तानंतर गाडी काढायची नाही. ते स्वतः सूर्यास्तानंतर जेवतही नाहीत. मी म्हटलं, मोटाभाई, मी सूर्यास्ताच्या आधी ऑफिसातून सुटत नाही, आणि सुटलो तरी दहिसर ओलांडत नाही.

दुपारपर्यंत ऊन चढलं आणि सगळं अधिक पक्कं झालं. किड्याच्या अंगातल्या त्या पाण्यात प्रथिनं भरपूर असतात. ती ओली असतात तोवर फडक्याने पुसली तरी निघतात. तापलेल्या काचेवर वाळली की अशी धरून बसतात, की नखाने खरवडलं तर नख तुटतं. हे ज्ञान मला बी विंगच्या त्याच मुलाने दिलं, आणि वर नासाची बातमी सांगितली. विमानाच्या पंखाला किडे चिकटले की त्यावरून वाहणारी हवा विस्कटते आणि इंधन जास्त जळतं, म्हणून नासाने २०१५ मध्ये बोइंग ७५७ च्या पंखावर वेगवेगळे लेप लावून अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टहून मुद्दाम किड्यांच्या हवेत उड्डाणं केली. सगळ्यांत चांगल्या लेपावर किड्यांचे डाग सुमारे ४० टक्के कमी भरले.

“म्हणजे नासाच्या विमानावरही चिकटतातच,” मी म्हटलं. मला फार बरं वाटलं.

“नासाने चाळीस टक्के केलं,” बायको गॅलरीतून म्हणाली. “तुम्ही सकाळपासून काय केलं?”

या वेळेपर्यंत उत्तनची मावशी टोपली घेऊन गेटवर येऊन बसली होती. बोंबील, मांदेली, कोलंबी. ती आमच्या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं येते, की कुणाच्या घरात कोण काय खातं आणि कोण चोरून खातं, हे तिला पाठ आहे. तिने माझी धडपड बराच वेळ बघितली. मग विळीवरचा हात न थांबवता म्हणाली, “दादा, घासतोस कशाला? खवलं वाळलं की पाटाचं निघतं काय? भिजू दे आधी.”

“भिजवलं ना मावशी. पाणी मारलं की.”

“मारलं नि पुसलं. भिजू कुठे दिलंस?”

सकाळपासून काचेवर तंबाखू, टूथपेस्ट, शीतपेय, जुन्या बनियनचे तुकडे, ती अर्धी बादली आणि एका मेहुण्याचा खांदा एवढं सगळं चढलं होतं. फक्त ओलं काहीतरी ठेवून कुणी बाजूला बसलं नव्हतं. बसणार कसं? मीरा रोडचा माणूस ट्रेन दोन मिनिटं उशिरा आली तर पुलावर चढतो, पुलावरून खाली बघतो, परत उतरतो. आम्हाला थांबण्याचा सराव खूप आहे, पण तो नाइलाजाचा. आपण होऊन पंधरा मिनिटं काहीच न करता राहायचं हे आमच्या हातून होत नाही.

भिजवण्याचा पहिला प्रयोग वर्तमानपत्राचा केला. जुने कागद पाण्यात बुडवून काचेवर सपाट चिकटवले आणि वर जेवायला गेलो. जेवणानंतर आडवा झालो. उठलो तेव्हा चार वाजले होते, कागद कडक वाळला होता आणि काचेला आता किडे, त्यांवर वर्तमानपत्र असे दोन थर होते. गाडीत बसून बघितलं तर बातमी स्वच्छ वाचता येत होती: शहरात चोवीस तास पाणी बंद.

“गाडी चालवताना मोबाइल बघू नका म्हणता,” बायको म्हणाली, “पेपर चालतो वाटतं?”

मग दुसरी अर्धी बादली. या वेळी कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब, आणि त्यात भिजवून, न पिळता, काचेवर पसरलेला एक मोठा पंचा. गाडी सावलीत. पंधरा मिनिटं. मी मुद्दाम लिफ्टजवळच्या बाकावर बसलो आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवले. पण पंचा पसरल्यावर पार्किंगमधून जाणाऱ्या प्रत्येकाला तो उचलून खाली काय चाललंय ते बघायचं होतं. काकांनी एक कोपरा उचलला. सेक्रेटरींनी दुसरा उचलून पाण्याचा हिशेब घेतला. काकूंनी पूर्ण उचलला, “अजून नाही हो झालं,” म्हणून परत टाकला. मोटाभाईंनी फक्त लांबून हात जोडले. मेहुण्याला मी वर पाठवून दिलं होतं.

पंचा काढला आणि त्याच्याचबरोबर जवळजवळ सगळं उतरलं: वाळवी, पतंग, गुजरातचे पाहुणे, तंबाखू, पाण्याच्या बातमीचा वरचा अर्धा भाग. जे थोडं राहिलं ते त्याच पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने, जोर न लावता, निघालं. काकांना हे फारसं रुचलं नाही. एसटीच्या काळात पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवायची सोयच नव्हती, असं म्हणून ते आत गेले. काच एवढी लख्ख झाली, की संध्याकाळी दोघांनी येऊन विचारलं, “काय, यंदा कुठे गेला नाहीत का?” डेन्मार्कमध्ये एका संशोधकाने १९९७ पासून वीस वर्षं ठरलेल्या रस्त्यावर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले आणि ते सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटलेले पाहून तो काळजीत पडला. आमच्याकडे स्वच्छ काच बघून लोकांना आमच्या पगाराची काळजी वाटली.

आता फक्त एक विनंती उरली आहे आणि ती सोसायटीतल्या सर्व सभासदांना आहे. काच पुसून झाल्यावर तो पंचा मी पाणी निथळायला स्टिल्टमधल्या पाइपवर टाकला होता. पांढरा, बाजूला निळी किनार, कोपऱ्यात सासुरवाडीच्या दुकानाचा शिक्का. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. ज्या कुणी आपल्या काचेसाठी नेला असेल त्यांनी काम झाल्यावर सेक्रेटरींच्या केबिनमध्ये आणून द्यावा. धुवायची गरज नाही. पाणी नाही हे मला ठाऊक आहे. आणि मेहुण्याला ‘नेलात का’ म्हणून विचारू नये, तो लगेच वायपर लावून दाखवतो.